एकशेसाठातले अडतीस

बेकरीत तिला सगळे ठोकमावशी म्हणत. भट्टीतून ट्रे बाहेर आला की ती प्रत्येक ओळीतला एक ब्रेड उचलायची, उलटा करायची आणि त्याच्या बुडावर बोटाच्या पेरांनी दोनदा ठोकायची. आवाज पोकळ आला तर माल गाडीत. भरीव आला तर माल परत भट्टीत आणि भट्टीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. बावीस वर्षांत तिचा कान चुकल्याचं कुणी सांगत नाही. निदान तिच्या तोंडावर तरी नाही.

अंगाने ती काडीसारखी आणि आवाजाने दणदणीत. पीठ मळायचा मिक्सर घरघरत असताना, भट्टीचा पंखा सुरू असताना, गोदामाच्या दारापर्यंत तिचा शब्द पोचायचा. बहुतेक वेळा तो शब्द ज्याच्यासाठी असायचा तो गोदामाच्या दाराआड लपलेलाच असायचा.

शाळा तिची दहावीला सुटली. शाळेत टक्केवारीचं आणि तिचं कधी जमलं नाही. शेकडा अमुक म्हटलं की तिला झोप यायची. ती टक्केवारी तिला बेकरीत एका म्हाताऱ्या उस्तादाने एका दमात शिकवली. "पोरी, मैदा शंभर. बाकी सगळं मैद्याला विचारून." झालं, एवढंच. भिंतीवर कृतीचा कागद लावलेला असायचा. वर मैदा, त्याच्यापुढे आकडाच नाही, कारण तो शंभर हे काय लिहायचं? खाली पाणी साठ, साखर सहा, फॅट चार, यीस्ट दोन, मीठ दोन. पन्नास किलोचं पोतं फोडलं तर पाणी तीस किलो, मीठ एक किलो. मैदा बदलला की सगळं त्याच्या मागे बदलतं. एखादा नवा माणूस सगळ्यांची बेरीज करून म्हणायचा, "मावशी, हे एकशे चौऱ्याहत्तर टक्के होतात." मावशी म्हणायची, "शंभरात संपायला ही काय शाळा आहे? इथे लोकांची पोटं भरायची असतात."

तर अशी ही मावशी, आणि तिला कॉलेजात पाठवलं एका नियमाने.

जुने पाळीप्रमुख आठ महिन्यांनी घरी बसणार होते. त्यांच्यामागे पाळी मावशीच चालवणार हे भट्टीसुद्धा सांगू शकली असती. पण मॅनेजरसाहेबांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं.

"मावशी, नवा नियम आलाय. पाळीप्रमुखाकडे अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र पाहिजे."

"आत्ताच्यांकडे आहे?"

"ते जुने आहेत."

"मग मी काय काल आले?"

"हे बघा, नियम मी केलेला नाही."

नियम कधीच कुणी केलेला नसतो. तो भिंतीवरच्या ओलीसारखा आपोआप उगवतो, आणि नेमका साहेबाच्या भाच्याच्या सोयीने उगवतो. या साहेबांच्या भाच्याकडे ते प्रमाणपत्र होतं, चौकटीत घालून टेबलावर ठेवलेलं. हाच तो भाचा, ज्याने जागा वाचावी म्हणून यीस्ट आणि बेकिंग पावडर एका डब्यात ओतली होती आणि वर म्हणाला होता, "दोन्हींनी फुगतंच ना?"

"कागद आणा, खुर्ची घ्या," साहेब म्हणाले.

"आणते," मावशी म्हणाली, आणि दार असं लावलं की काच दोन मिनिटं थरथरत होती.

कॉलेजात संध्याकाळचा सहा महिन्यांचा कोर्स होता. फॉर्म मिळायचा खिडकी क्रमांक चारवर, आणि त्या खिडकीमागे बसायची मावशीची नणंद. या दोघींचं भांडण नव्हतं. भांडायला एकमेकींशी बोलावं लागतं.

"वहिनी, तुम्हाला जमेल का पण?" नणंदेने चष्म्यावरून बघत विचारलं. "दिवसभर उभं राहायचं नि संध्याकाळी बाकावर बसायचं. झोप लागेल."

"वन्सं, तुम्ही फॉर्म द्या. झोपेचं माझं मी बघते."

"काळजीने म्हणतेय हो. निम्मे लोक मधेच सोडतात."

"मी सोडायला आले ना, तर याच खिडकीतून डोकं बाहेर काढून हसा."

हे बोलून मावशी स्वतःच्या गळ्यात दोरी बांधून घरी आली.

अभ्यास तिने जीव तोडून केला, यात शंका नाही. पण जे तिला येत होतं ते पुस्तकात निराळ्या नावाने राहत होतं. पहिल्या चाचणीत प्रश्न आला: ब्रेड पूर्ण भाजला गेला हे कसे ओळखाल? मावशीने लिहिलं, 'ठोकून.' उत्तर हवं होतं थर्मामीटरने आतलं तापमान मोजून. मिळालं शून्य. मावशी पेपर घेऊन शिकवणाऱ्या मॅडमकडे गेली. मॅडम वयाने तिच्या मुलीएवढ्या, पण डगमगणाऱ्या नव्हत्या. "मावशी, तुमचा कान मी बाटलीत भरून दुसऱ्या बेकरीला पाठवू शकते का? थर्मामीटर पाठवता येतो." याला उत्तर सापडलं नाही, म्हणून मावशीला मॅडम आवडायला लागल्या. तरी लेखीत सुधारणा काही होईना. तीन चाचण्या झाल्या, तिन्हींत वीसपैकी आठ. मोजून मापून आठ, जणू कुणी साच्यातून काढले होते.

प्रात्यक्षिकाला मात्र तिने सगळ्यांना गार केलं. शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी. उरलेले बारा का गेले, तर बाहेरून आलेल्या परीक्षकाने थेट पिठाला बोट लावलं आणि मावशीने भर वर्गात विचारलं, "हात धुतले का?" तो नळाकडे गेला, धुऊन आला, आणि वागणुकीच्या रकान्यात बारा मार्क कापून मोकळा झाला. घरून लिहून आणायच्या लेखांमध्ये निम्मे मार्क पडले, शंभरपैकी पन्नास. अक्षर चांगलं, मुद्दे मोजके, असा शेरा होता.

मग आला तो गुरुवार. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कोर्समधून माघार घ्यायची मुदत होती. माघार घेतली तर पुढच्या वर्षी पुन्हा नाव घालता येणार, पण तोवर पाळीप्रमुखाच्या खुर्चीत भाचा चिकटलेला असणार. माघार न घेता परीक्षा दिली आणि पन्नास टक्के पडले नाहीत, तर दोन वर्षं प्रवेश बंद, आणि वर नापासांची यादी कॉलेजच्या फाटकाजवळच्या फळ्यावर. बेकरीची गाडी रोज सकाळी त्याच फाटकासमोर कॅन्टीनचा ब्रेड उतरवायची. म्हणजे यादी साडेसहाला लागली तर सातला भट्टीवाल्याला पाठ.

मावशीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅलेंडरचं जुनं पान उलटं पसरलं आणि कोर्सचा छापील कागद समोर ठेवला. कागदावर होतं: घरचे लेख २० टक्के, चाचण्या १५ टक्के, प्रात्यक्षिक २५ टक्के. आणि खाली, जाड अक्षरात: मुख्य, अंतिम परीक्षा. त्याच्यापुढे आकडा नाही.

आकडा नाही म्हणजे काय ते मावशीला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने अंतिम परीक्षेपुढे शंभर लिहिलं. बाकी तीन त्याच्या खाली. बेरीज एकशेसाठ. एक छान, नेहमीचा, धडधाकट आकडा.

मग एकेक घटक तोलला. लेख विसाचे, मिळाले निम्मे: दहा. चाचण्या पंधराच्या, मिळाले शेकडा चाळीस: सहा. प्रात्यक्षिक पंचविसाचं, मिळाले शेकडा अठ्ठ्याऐंशी: बावीस. एकूण अडतीस.

नवरा शाळेची बस चालवायचा. तो समोर बसून चहा पीत होता. "किती झाले गं?"

"सध्या अडतीस. एकशेसाठातले. म्हणजे शेकडा चोवीस धरा."

"चोवीसच?" त्याने कागद आपल्याकडे ओढला. "आण इकडे. पन्नास, चाळीस, अठ्ठ्याऐंशी. बेरीज एकशे अठ्ठ्याहत्तर. भागिले तीन. एकोणसाठ! पास आहेस की. चल, अजून अर्धा कप टाक."

"अहो, चाचण्या पंधराच्या आणि प्रात्यक्षिक पंचविसाचं. दोन्ही सारखे कसे धरले?"

"गाडीचं ॲव्हरेज मी असंच काढतो."

"म्हणून ती दर महिन्याला रस्त्यात बसते."

"ती क्लचमुळे बसते."

"बरं, मला सांगा. चढावर पाच किलोमीटर चालवली आणि सपाटीवर पन्नास, तर दोन्हींचं निम्मं निम्मं कराल?"

नवऱ्याने चहाचा घोट घेतला, छताकडे बघितलं. "करतो," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

मावशीने त्याचा नाद सोडला. पुढचं गणित तिने मोठ्याने केलं, कारण वाईट बातमी मनात केली की तिला ती खरी वाटत नसे. "पास व्हायला एकशेसाठाचे निम्मे, ऐंशी. आहेत अडतीस. पाहिजेत बेचाळीस, आणि ते अंतिम परीक्षेच्या शंभरातले. माझं लेखी जातं कितीला? शेकडा चाळीसला. तीनदा चाळीस. दोन कमी."

"दोन मार्क काय, असेच पडतात."

"असे पडले असते तर एकदा तरी पडले असते ना!"

नवऱ्याने उरलेला चहा संपवला. मावशीने पान घडी घालून पिशवीत ठेवलं. वीस कमी पडले असते तर तिने कदाचित चिडून परीक्षा दिली असती. दोन कमी पडणं म्हणजे दारात येऊन ठेच लागणं, आणि ती यादी, तो फळा, आणि भट्टीवाल्याचं "मावशी, दोनच मार्क होते म्हणे!" हे ऐकण्यापेक्षा गुपचूप गाशा गुंडाळलेला बरा.

शुक्रवारी पाळी संपवून, हातावरचं पीठही नीट न झटकता, ती कॉलेजात पोचली तेव्हा साडेतीन झाले होते. खिडकी क्रमांक चारवर संध्याकाळच्या कोर्सची रांग होती. सगळ्यांच्या हातात तोच पिवळा फॉर्म, माघारीचा. मावशी पोचली तेव्हा तिच्यापुढे कुणीच नव्हतं, कारण पुढे व्हायला कुणी तयार नव्हतं. सगळे भिंतीला टेकून एकमेकांना "तुम्ही व्हा पुढे" म्हणत होते. तिच्या बाकावर बसणारा इस्पितळातला स्वयंपाकीही त्यात होता. मावशी सरळ खिडकीशी गेली. आणि फॉर्म पालथा घालून आत सरकवला.

नणंदेने तो उलटून वाचला. मावशी तिच्या हसण्याची वाट बघत होती, उत्तर तयार होतं. पण नणंद हसली नाही. तिने आवाज खाली आणला.

"सोडताय, वहिनी?"

हसणं मावशीला परवडलं असतं. हा हळू आवाज परवडला नाही.

"सोडतेय. शिक्का मारा."

"पण का?"

"हिशोब केलाय. सध्या शेकडा चोवीस आहे मी."

"चोवीस?" नणंदेने कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं, दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं. "इथे तर अडतीस दाखवतोय."

"अडतीस मार्क. एकशेसाठातले."

"एकशेसाठ कसले? टक्के शंभर असतात, वहिनी."

"तुमच्याकडे असतील."

रांगेत खसखस पिकली. स्वयंपाकी म्हणाला, "मावशी, एकशेसाठ टक्के बरा झालास असं आमच्या पेशंटला डॉक्टरही सांगत नाहीत."

मावशी गर्रकन वळली. "तुमच्या डॉक्टरांनी सकाळी जो ब्रेड खाल्ला ना, तो एकशे चौऱ्याहत्तर टक्क्यांचा होता. मैदा शंभर, पाणी साठ, साखर सहा, फॅट चार, यीस्ट दोन, मीठ दोन. करा बेरीज. आणि जमत नसेल तर उपाशी राहा." मग खिडकीकडे फिरून, "पंचवीस माणसांची पाळी या टक्क्यांवर चालते, वन्सं. मला टक्के शिकवू नका."

नणंदेच्या नाकपुड्या फुलल्या. दोघींचा राग एकाच घरातला नव्हता, पण भाव सारखाच होता. "बरं. मैदा शंभर. मग या कोर्सच्या कागदावर मैदा कुठे आहे ते दाखवा."

"हा काय! मुख्य, अंतिम परीक्षा. आकडा नाही. म्हणजे शंभर."

"आकडा नाही कारण तो छापायचा राहिलाय!" नणंद जवळजवळ उभी राहिली. "चाळीस आहेत ते, चाळीस! वीस, पंधरा, पंचवीस आणि चाळीस. सगळं मिळून शंभर. आमच्याकडे मैदा शंभर नसतो वहिनी, सगळा... काय म्हणता तुम्ही त्याला, मळून झाल्यावर..."

"गोळा."

"हां. सगळा गोळा शंभर!"

मावशीने कोर्सचा कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. रांगेतलेही माना पुढे करून बघायला लागले.

गोळ्यावरून हिशोब तिला नवा नव्हता. वरून कधी कधी ऑर्डर तशीच यायची, सत्याऐंशी किलो गोळा पाहिजे. मग एकशे चौऱ्याहत्तरने भागायचं आणि मैदा किती, पन्नास किलो, ते मागे जाऊन काढायचं. उलटा हिशोब म्हणत त्याला. तो ती बोटं न मोजता करायची. फक्त कागदावर तसं लिहिलेलं असावं लागतं, आणि इथे कुणी लिहिलं नव्हतं.

खिडकीच्या कडेला दोरीने बांधलेलं पेन होतं. तिने ते ओढलं, दोरी पुरेना म्हणून स्वतः वाकली, आणि पिवळ्या फॉर्मच्या पाठीवर लिहायला लागली. गोळा शंभर. लेख दहा, चाचण्या सहा, प्रात्यक्षिक बावीस. अडतीसच, ते बदलत नव्हते. पण पास व्हायला आता ऐंशी नकोत, पन्नास हवेत. पाहिजेत बारा. चाळीसपैकी बारा. आणि तिचं लेखी जातं शेकडा चाळीसला, म्हणजे चाळिसातले सोळा.

दोन कमी नव्हते. चार जास्त होते.

कुणी दुसरं असतं तर आनंदाने रडलं असतं. मावशी भडकली. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय? पाच वाजायला दीड तास असताना?"

"मला काय ठाऊक तुम्ही परीक्षेला मैदा समजलात ते!"

"आणि तुमचा हा डबा? हा काय समजलाय?" मावशीने मान आत घालून कॉम्प्युटरकडे बघितलं. पडद्यावर तांबड्या अक्षरांत होतं: सध्याची टक्केवारी ३८, नापास.

"सगळ्यांना असंच दिसतंय," नणंद पुन्हा हळू बोलली. "पासष्टातले चाळीस जण तांबड्यात आहेत. म्हणून तर ही रांग."

"अंतिम परीक्षा झाली का?"

"पुढच्या महिन्यात आहे."

"मग तिच्यात मला शून्य दिलं कुणी?"

"शून्य नाही दिलं. रकाना रिकामा आहे."

"आणि रिकामा म्हणून शून्य धरलं! अहो वन्सं, मिक्सरच्या भांड्यात साठ किलो पडलंय आणि चाळीस किलो अजून पोत्यात आहे. पोतं फोडायच्या आधीच मी ते वाया गेलं म्हणून लिहू? भांड्यात जेवढं पडलंय तेवढ्याचंच विचारा. साठ पडलेत, त्यातले माझे अडतीस." तिने भागाकार केला, पेनाचं टोक कागदात रुतलं. "त्रेसष्ट. आज, या घटकेला, मी शेकडा त्रेसष्ट आहे. आणि हा मला नापास म्हणतो!"

स्वयंपाक्याचं हसू केव्हाच मावळलं होतं. तो पुढे सरकला. "मावशी, माझे तेहतीस दाखवतोय."

"साठातले तेहतीस. पंचावन्न. आणि तुम्हाला पास व्हायला हवेत किती? पन्नास उणे तेहतीस, सतरा. चाळीसपैकी सतरा. येतात का?"

"सतरा येतील की," तो म्हणाला, आणि हातातला पिवळा फॉर्म असा बघायला लागला जणू तो दुसऱ्याच कुणीतरी भरला होता.

मग भिंतीला टेकलेले सगळेच सुटले. "माझे एकतीस." "माझे बावीस, पण एक लेख द्यायचा राहिलाय." मावशी खिडकीच्या कट्ट्यावर कोपर रोवून एकेकाचे आकडे घ्यायला लागली. नणंद पहिल्यांदा म्हणाली, "वहिनी, खिडकी अडवू नका." दुसऱ्यांदा म्हणाली, "वहिनी, जरा सरका, त्यांचं प्रात्यक्षिक मी बघून सांगते." तिसऱ्यांदा तिने पलीकडून नुसतं "पुढचा!" म्हणून पुकारलं.

शीतपेयांच्या दुकानात काम करणारी एक तरतरीत बाई होती. तिचे निघाले साठातले चौदा. मावशीने आकडा दोनदा तपासला. "हे बघ बाई, तुला लागतात छत्तीस, चाळीसपैकी. शंभरातले नव्वद म्हण. तू फॉर्म भर, पुढच्या वर्षी ये. पहिल्या दिवसापासून ये."

"तुम्ही म्हणता म्हणून भरते," बाई म्हणाली.

"मी नाही म्हणत. आकडा म्हणतो. मी म्हटलं असतं तर शिव्या घालून म्हटलं असतं."

पावणेपाचला आतल्या खोलीतून कार्यालयप्रमुख आले. गळ्यात ओळखपत्र, हातात कप. "काय गडबड आहे ही?"

"गडबड तुमच्या यंत्रात आहे," मावशी म्हणाली. "जी परीक्षा झालीच नाही तिच्यात त्याने चाळीस माणसांना नापास केलंय. ते आम्ही दुरुस्त करतोय."

"असं परस्पर करता येत नाही. तक्रार असेल तर लेखी द्या."

त्यांना वाटलं, लेखी म्हटलं की माणूस घरी जातो. मावशीने आपला पिवळा फॉर्म घेतला, पुढच्या बाजूवर आडवी रेघ मारली, आणि मागच्या बाजूला, हिशोबाच्या खालीच, सहा ओळी लिहिल्या. कोर्सच्या कागदावर अंतिम परीक्षेचे चाळीस टक्के छापलेले नाहीत. कॉम्प्युटर रिकामा रकाना शून्य धरतो. त्यामुळे आज माणसं विनाकारण माघार घेत होती. दोन्ही ताबडतोब दुरुस्त करा. खाली सही. स्वयंपाक्याने सही केली, मग बाकीच्यांनी. फॉर्म भरून झालेल्या शीतपेयवाल्या बाईनेसुद्धा केली. "माझं नसलं तरी तुमचं खरं आहे ना," ती म्हणाली.

"पोच द्या," मावशी म्हणाली.

कार्यालयप्रमुखांनी नणंदेकडे बघितलं. नणंदेने कुणाकडेच बघितलं नाही. तिने शिक्का उचलला, शाईत दाबला आणि कागदावर असा हाणला की कट्ट्यावरचं पेन दोरीला लोंबकळत खाली गेलं.

पाच वाजता खिडकी बंद झाली तेव्हा माघारीचे दोनच अर्ज आत गेले होते. एक त्या बाईचा. दुसरा एका माणसाचा, ज्याला हिशोबाशी देणंघेणं नव्हतं, त्याची बदली झाली होती.

सोमवारी नवा कागद छापून आला, चारही आकडे जागच्या जागी. मॅडमनी वर्गात तो वाटला आणि म्हणाल्या, "चूक माझी. मला वाटलं, उरलेले चाळीस सगळे धरतीलच." मावशी मागच्या बाकावरून म्हणाली, "मॅडम, धरायचं काय ते प्रत्येक धंद्यात वेगळं असतं." मॅडमनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मावशीचा आठवडा त्यावर गेला.

आता चार मार्क जास्त आहेत म्हणून ती निवांत झाली असेल, असं समजू नका. चार मार्क म्हणजे मिठाची चिमूट. महिनाभर बस धुताना नवऱ्याने प्रश्नसंच हातात धरला आणि ती पाण्याची नळी धरून उत्तरं देत राहिली. "जंतू कोणत्या तापमानात वाढतात?" "पाच ते साठ." "पुस्तकात काय आहे?" "अहो, पुस्तकातलंच सांगितलं!" नवरा चकित व्हायचा, बसचं एकच चाक दोनदा धुतलं जायचं.

निकालाच्या दिवशी ती पाळीवर होती. अकराच्या सुमारास फोन वाजला. नणंद. मॅनेजरसाहेब तिथेच उभे होते, गाड्यांचं वेळापत्रक बघत, म्हणजे न बघत.

"वहिनी, निकाल आलाय. सांगू एकूण?"

"एकूण नको. अंतिम पेपरचे तेवढे सांगा. बाकी माझं मी बघते."

"छत्तीस. शंभरातले."

चाळीस नव्हते. पहिल्यांदाच साचा चुकला होता आणि तो खाली चुकला होता. मावशीने डोळे मिटले. छत्तीस, चाळीस टक्क्यांनी. चौदा आणि वर थोडं. अडतीस आणि चौदा. डोळे उघडले.

"बावन्न."

"बावन्न पूर्णांक चार," नणंद म्हणाली. कॉम्प्युटरवरून वाचत होती की स्वतः काढलं होतं कोण जाणे. मग, "पुढचा कोर्स आहे हो एक वर्षाचा. फॉर्म काढून ठेवू का?"

"आधी हा पचू द्या, वन्सं," मावशी म्हणाली. आणि फोन ठेवण्याआधी, जणू ट्रे कुणाच्या तरी हातात देतेय अशा घाईने, "घरी या रविवारी. दोघी बसू."

साहेबांनी घसा साफ केला. "काय मावशी, काय झालं?"

"बावन्न, साहेब."

"बावन्न? म्हणजे... फक्त?"

"पन्नासला पास आहे. दोन तुम्हाला ठेवा."

भट्टीवाला ट्रेच्या आडून हसला. साहेबांना हसावं की रागवावं कळेना. "अभिनंदन, अभिनंदन. नेमणुकीच्या पत्राचं बघतो मी. सोमवारपर्यंत..."

"आज बघा. सोमवारी पाळी मी लावणार. तेव्हा पत्र वाचायला सवड नसते."

साहेब काचेच्या खोलीकडे गेले. भाच्याची सोय त्यांनी विक्री खात्यात केली, जिथे मैद्याला हात लावावा लागत नाही, आणि मैद्याचं त्यात भलंच झालं. चाळीस मिनिटांनी पत्र आलं. मावशीने ते उभ्यानेच वाचलं. हुद्दा नीट आहे का बघितला, तारीख बघितली, सही खरी आहे का म्हणून उजेडाकडे धरून बघितली. मग घडी घालून ॲप्रनच्या खिशात टाकलं आणि मिक्सरवाल्याच्या नावाने अशी ओरडली की गोदामाच्या दाराआडचे दोघे आपसूक बाहेर आले. पत्र वाचण्याच्या नादात पीठ दीड मिनिट जास्त मळलं गेलं होतं.